कोर्टाचा फॉर्म सापडत नाही, कारण बहुतेक वेळा तो नसतोच

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या किचन ट्रॉल्या आणि दोन वॉर्डरोब यांचं काम एका फर्निचरवाल्याला २,४०,००० रुपयांना दिलं. त्यातले १,८०,००० त्याला पोचले, काही यूपीआयने, काही चेकने. ट्रॉल्यांचे सांगाडे उभे राहिले, एक वॉर्डरोब अर्धा झाला आणि माणूस यायचाच बंद झाला. त्याला दीड वर्ष झालं. वकिलांनी तीस हजार फी सांगितली. प्रश्नकर्त्या ताई विचारतात की केस स्वतःच चालवली तर चालेल का, आणि कोर्टाचे फॉर्म कुठे मिळतात? नेटवर शोधलं तर अमेरिकेतल्या कोर्टांचे फॉर्म येतात, नाहीतर पैसे घेऊन पीडीएफ विकणारे.

स्वतः केस चालवलेली चालते. दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ३ पक्षकाराला स्वतः हजर राहू देते. ग्राहक आयोगाची तर रचनाच ग्राहकाने स्वतः यावं अशी आहे. कुटुंब न्यायालयात गोष्ट उलटीच आहे. तिथे १९८४ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. मुंबई उच्च न्यायालयात स्वतः बाजू मांडायची तर आधी तिथल्या समितीपुढे जावं लागतं, पण तुमचं प्रकरण तिथवर जाणारं नाही.

फॉर्मचं मात्र उलगडून सांगायला हवं, कारण खरी अडचण तिथे आहे. अमेरिकेत बऱ्याच कोर्टांचे नंबर घातलेले, रकाने भरायचे फॉर्म असतात. आपल्याकडे दिवाणी दावा किंवा ग्राहक तक्रार ही रकाने भरून होत नाही. ती लिहावी लागते. कायदा सांगतो तो तपशील, की तुमच्या लिखाणात काय काय आलं पाहिजे. त्यामुळे ‘फॉर्म कुठे मिळेल’ याच्या आधी तीन प्रश्न येतात: कुठल्या दारात जायचं, मुदत कधी संपते आणि समोरच्याचं कायद्यातलं नाव काय. हे तीन चुकले तर मसुदा कितीही सुबक असला तरी परत येतो.

कुठलं दार ते आधी पाहू. ‘कोर्टात जाते’ म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दिवाणी न्यायालय असतं. तुम्ही पैसे देऊन घरासाठी काम करून घेतलंत आणि ते पुरं झालं नाही, याला ग्राहक कायद्यात सेवेतील त्रुटी म्हणतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात जिल्हा, राज्य की राष्ट्रीय आयोग हे तुम्ही किती मागता त्यावर ठरत नाही. मोबदला म्हणून किती दिलेत, त्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करायची फी शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये. तुमचे १,८०,००० म्हणजे फीचा प्रश्नच नाही. शिवाय फर्निचरवाल्याचं दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. दिवाणी दाव्यात ही सोय नाही. तिथे साधारणपणे प्रतिवादी राहतो किंवा वादाचं कारण घडलं तिथे जावं लागतं आणि कोर्ट फी तक्त्याप्रमाणे भरावी लागते. हेच काम दुकानासाठी किंवा भाड्याने द्यायच्या ऑफिससाठी करून घेतलं असतं तर ‘व्यावसायिक हेतू’ म्हणून आयोगाने कदाचित दार बंद केलं असतं. घरासाठी आहे, म्हणजे ती अडचण नाही.

पोलिसांत जाऊन काय होईल, असंही तुम्ही विचारलं आहे. अर्धवट सोडलेलं काम म्हणजे लगेच फसवणुकीचा गुन्हा होत नाही. पैसे घेतानाच काम न करण्याचा इरादा होता हे दाखवावं लागतं, आणि सांगाडे उभे आहेत म्हटल्यावर ते अवघड आहे. अर्ज द्यायचा तर द्या, पण त्याच्या उत्तराची वाट बघत मुदत घालवू नका.

कारण मुदत हाच तुमच्या प्रकरणातला नाजूक मुद्दा आहे. ग्राहक तक्रारीला कलम ६९ प्रमाणे दोन वर्षं मिळतात, तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून. काम थांबलं तो दिवस, ‘आता येणार नाही’ म्हणाला तो दिवस, की शेवटचं आश्वासन दिलं तो दिवस, यावर युक्तिवाद होऊ शकतो. स्वतः केस चालवणाऱ्याने असल्या वादात पडू नये. यातली सगळ्यात आधीची तारीख धरा, तिच्यात दोन वर्षं मिळवा आणि त्याच्याही महिनाभर आधी तक्रार दाखल झालेली असू द्या. नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही. ‘उद्या येतो’ असे मेसेज येत राहिले म्हणूनही वाढत नाही. उशीर झालाच तर विलंब माफीचा वेगळा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही. पैसे परत मिळवण्याच्या दिवाणी दाव्याला साधारणपणे तीन वर्षं मिळतात आणि तिथे विलंब माफीची वाटच नाही. मुदत कायद्याच्या कलम ५ ची माफी अपील आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. ‘तीन वर्षं आहेत ना’ म्हणत बसणाऱ्यांचा घात इथेच होतो.

तिसरी गोष्ट नाव, आणि स्वतः केलेल्या तक्रारी सर्वांत जास्त इथेच फसतात. दुकानाच्या पाटीवरचं नाव ही कायद्याने व्यक्ती नसते. ‘अमुक इंटेरियर्स’ विरुद्ध आदेश मिळाला आणि नंतर कळलं की त्या नावाची ना कंपनी आहे ना भागीदारी, तर वसुली करायची कोणाकडून? कोटेशन किंवा बिलावर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर तो टाका. लॉग इन न करताच व्यवसायाचं कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि ती एकट्याची मालकी आहे, भागीदारी आहे की कंपनी, हे दिसतं. नंबर नसेल तर यूपीआयच्या पावतीवर आणि चेक ज्याच्या नावे वटला त्या खात्यावर खरं नाव असतं. एकट्याची मालकी असेल तर सामनेवाल्याच्या, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या, रकान्यात लिहा: ‘श्री. अमुक, प्रोप्रायटर, अमुक इंटेरियर्स’, त्याखाली दुकानाचा आणि घराचा असे दोन्ही पत्ते. कंपनी असेल तर नोंदणीकृत पत्ता कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. भागीदारी असेल तर फर्म आणि माहीत असलेले भागीदार, दोघांनाही सामनेवाले करा. पत्ता चुकला की नोटीस परत येते, पुन्हा काढावी लागते आणि प्रत्येक फेऱ्यात एकदोन महिने जातात.

आता फॉर्मकडे येऊ. पैसे देऊन पीडीएफ घेऊ नका. त्यात जे असतं ते फुकट मिळतं आणि बऱ्याचदा त्यात जुन्या १९८६ च्या कायद्याची कलमं तशीच असतात. ग्राहक तक्रारीसाठी ई-जागृती हे सरकारी पोर्टल आहे. आधीचं ई-दाखिल आता त्यातच आलं आहे. मोबाइल आणि ईमेलने नोंदणी केली की मोबदला, दोन्ही बाजूंची नावं-पत्ते आणि तक्रारीचा प्रकार असे रकाने येतात. नवख्या माणसाला वाटतं की हाच फॉर्म. तसं नाही. तो फक्त बाहेरचा लिफाफा आहे. तक्रार वेगळी लिहून, सही करून, स्कॅन करून जोडायची असते. दाखल करायला अडलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ती सामनेवाल्याशी बोलून तडजोड घडवायचा प्रयत्नही करते, पण तिचा आदेश कोणावर बंधनकारक नसतो आणि तिथे नोंद केल्याने मुदत थांबत नाही.

दिवाणी दाव्याचे नमुने हवे असतील, म्हणजे हातउसने दिलेले पैसे बुडाले वगैरे, तर ते दिवाणी प्रक्रिया संहितेतच शेवटी छापलेले आहेत. परिशिष्ट ‘अ’ मध्ये वादपत्रांचे (दावा मांडणारा कागद) आणि कैफियतींचे (प्रतिवादीचं लेखी उत्तर) नमुने आहेत, आणि वादपत्रांतला पहिलाच नमुना उसन्या दिलेल्या पैशांचा आहे. परिशिष्ट ‘ई’ मध्ये वसुलीच्या दरखास्तीचा, म्हणजे अर्जाचा, नमुना आहे. ऑर्डर ७ नियम १ मध्ये वादपत्रात काय काय हवं याची यादी आहे. इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर कायदा फुकट वाचता येतो. नमुन्यांची भाषा शंभर वर्षांपूर्वीची आहे, ती उचलू नका, सांगाडा तेवढा घ्या. काही कायद्यांमध्ये मात्र खरोखरच भरायचे फॉर्म असतात. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखालच्या नियमांत कलम १२ च्या अर्जाचा नमुना २ आहे आणि त्यात रकाने आहेत. ते कायद्याप्रमाणे ठरत असल्यामुळे आधी कायदा कुठला ते कळणं महत्त्वाचं.

आणखी एक साधन फार कमी लोक वापरतात. ग्राहक आयोगांचे निकाल ऑनलाइन उघडे आहेत. तुमच्याच जिल्हा आयोगाने फर्निचर, इंटेरियर किंवा अर्धवट सोडलेलं बांधकाम यावर दिलेले तीन-चार निकाल काढून वाचा. तक्रारदाराने कुठली कागदपत्रं दिली, आयोगाने कशावर विश्वास ठेवला, किती रक्कम कापली, हे त्यात ओळीओळीने असतं. एखादा निकाल तक्रारदाराच्या विरुद्ध गेलेला असेल तर तो आधी वाचा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्याच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट आहेत, काहींची मराठी भाषांतरंही आहेत. कुठल्याही ॲपने किंवा चॅटबॉटने लिहून दिलेल्या मसुद्यात एखाद्या निकालाचा दाखला असेल तर तो निकाल तिथे प्रत्यक्ष सापडल्याशिवाय तक्रारीत घालू नका. असे दाखले कधीकधी अस्तित्वातच नसतात आणि नंतर उत्तर द्यायला उभं तुम्हाला राहावं लागतं. तशीही जिल्हा आयोगातल्या तक्रारीला निकालांची माळ लागत नाही.

तक्रार मराठीत लिहिली तरी चालते. वरती आयोगाचं नाव, मग तक्रारदार आणि सामनेवाले, मग ‘ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३५ अन्वये तक्रार’. त्याखाली नंबर घातलेले परिच्छेद. एका परिच्छेदात एकच घटना, तारखेसह, आणि तिचा कागद कुठला ते तिथेच. लोक लिहितात: ‘सामनेवाल्याच्या मनात पहिल्यापासूनच पाप होतं. त्याने गोड बोलून माझ्या आयुष्यभराच्या कमाईवर डल्ला मारला.’ यातून आयोगाच्या हाती काहीच लागत नाही. हेच असं लिहा:

‘३. दि. १२ मार्च रोजी सामनेवाल्याने किचन ट्रॉल्या व दोन वॉर्डरोब यांसाठी रु. २,४०,००० चे लेखी कोटेशन दिले (दस्त क्र. १). त्यात १८ मिमी प्लायवूड वापरण्याचे व ४५ दिवसांत काम पूर्ण करण्याचे नमूद आहे. ४. तक्रारदाराने खालीलप्रमाणे एकूण रु. १,८०,००० दिले (दस्त क्र. २ ते ५).’ आणि मग तारीख, रक्कम, कसे दिले, असा छोटा तक्ता. बेरीज जुळली पाहिजे. तक्त्याची बेरीज आणि तक्रारीतला आकडा यांत हजाराचा जरी फरक असला तरी समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

आता सर्वांत विचार करण्याची जागा येते, ती म्हणजे मागणी. तुम्ही लिहिलं आहे, ‘सगळे १,८०,००० व्याजासह परत हवेत.’ राग समजतो, पण हा हिशेब टिकणार नाही. सांगाडे आणि अर्धा वॉर्डरोब तुमच्या घरात आहेत. ते ठेवून पूर्ण रक्कम मागितली तर आयोग विचारणार की झालेल्या कामाचं काय? दुसरा कारागीर बोलवा, मोजमाप करून उरलेलं काम पुरं करायला किती लागतील याचं लेखी कोटेशन घ्या. समजा त्याने १,३५,००० सांगितले. मूळ करारात तुमचे ६०,००० द्यायचे बाकी होते, ते तुम्हाला असेही द्यावेच लागले असते. म्हणजे तुमचं नुकसान १,३५,००० वजा ६०,०००, बरोबर ७५,०००. हा आकडा छोटा दिसतो, पण तो पाडता येत नाही. त्यावर दाखल केल्यापासूनचं व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळ्या ओळींत मागा. झालेलं काम इतकं वाईट असेल की उखडूनच टाकावं लागेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पूर्ण परतावा मागता येतो, पण तसं सांगणारा जाणकाराचा सहीचा अहवाल हवा, आणि शक्य तर त्या कारागिराचं शपथपत्र. निकाल येईपर्यंत घर तसंच ठेवणं अवघड असतं. काम दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर आधी प्रत्येक भागाचे फोटो, फूटपट्टी लावून काढलेले, आणि तसं करत असल्याची सामनेवाल्याला लेखी सूचना, एवढं झाल्याशिवाय हात लावू देऊ नका.

शेवटी सत्यापन (वर लिहिलेलं खरं आहे, असं लिहून केलेली सही) आणि शपथपत्र. शपथपत्राला शंभर किंवा पाचशेचा स्टँप पेपर लागतो हा समज कोर्टाच्या आवाराबाहेरच्या टेबलांवर फार जोपासला जातो. महाराष्ट्रात न्यायालयापुढे करायच्या शपथपत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद पुरतो. नोटरीचा खर्च तेवढा येतो.

व्हॉट्सॲपच्या संभाषणाबद्दल थोडं नीट सांगतो, कारण तुमचा अर्धा पुरावा तिथेच आहे. निवडक स्क्रीनशॉट देऊ नका, संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून छापा आणि महत्त्वाच्या ओळींवर खूण करा. निवडक दिलं की ‘मधलं गाळलं’ असा आक्षेप हमखास येतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि इथे मात्र खराखुरा फॉर्म कायद्याच्या अनुसूचीत छापलेला आहे. भाग ‘अ’ पक्षकाराने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. फोनचा मेक, मॉडेल, आयएमईआय नंबर आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणारा, संगणकाने काढलेला कोड) त्यात लिहावी लागते. ग्राहक आयोगात पुराव्याचा कायदा काटेकोर लागत नाही, तिथे संक्षिप्त पद्धत आहे. तरीही निदान भाग ‘अ’ भरून जोडा. समोरच्याने मेसेज नाकारले तर तुमची बाजू आधीच बांधलेली असते. आणि फोन बदलू नका. बदलावाच लागला तर जुना कपाटात जपून ठेवा.

दाखल करण्याआधी नोटीस पाठवणं ग्राहक कायद्यात सक्तीचं नाही, पण पाठवा. एका पानाची, पंधरा दिवसांची मुदत देऊन, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह. काय बाकी राहिलं आणि काय हवं, एवढंच लिहा. धमक्या नकोत. पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘घर बंद’ असा शेरा मारून परत आलं तर उघडू नका, तसंच जोडा. परत आलेलं न उघडलेलं पाकीट हाही पुरावाच असतो.

दाखल केल्यावर छाननी होते. हार्ड कॉपी मागितल्या तर साधारणपणे आयोगासाठी तीन संच आणि जितके सामनेवाले तितके जादा, असा हिशेब असतो. प्रत्येक पानाला नंबर, सुरुवातीला अनुक्रमणिका आणि तारखांची यादी. कागद अस्पष्ट, सही राहिली, पान नंबर नाही, अशा त्रुटी काढल्या जातात. कचेरीत गेलात तर ‘माझी केस कशी आहे’ असं विचारू नका, सल्ला देणं हे त्यांचं काम नाही. ‘ऑब्जेक्शन काय आहे आणि कधीपर्यंत दूर करायचं’ एवढं विचारा, याचं उत्तर मिळतं. त्रुटी दूर झाल्या की नंबर पडतो, दाखल करून घेण्यावर सुनावणी होते आणि सामनेवाल्याला नोटीस निघते. त्याला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. या ४५ दिवसांपलीकडे आयोगाला मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून नोटीस कधी बजावली गेली ती तारीख रोजनाम्यातून (प्रत्येक तारखेला काय झालं याची आयोगाची नोंद) टिपून ठेवा आणि ४६ व्या दिवशी म्हणणं आलेलं नसेल तर तसा अर्ज द्या. स्वतः केस चालवणारे इथे संकोचतात आणि समोरचा तारखांवर तारखा घेतो.

पुढे पुराव्याचं शपथपत्र, मग ‘पुरावा संपला’ अशी पुरसिस, मग लेखी युक्तिवाद. पुरसिस म्हणजे न्यायालयाला कळवायची दोन ओळींची चिठ्ठी, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पुराव्याच्या शपथपत्रात नवीन गोष्ट घालायची नसते, तक्रारीतलंच शपथेवर सांगायचं असतं. लेखी युक्तिवाद चार पानांपेक्षा मोठा करू नका.

तारखेला गैरहजर राहणं मात्र अजिबात नको. दिवाणी न्यायालयात गैरहजेरीमुळे फेटाळला गेलेला दावा अर्ज करून पुन्हा नंबरावर घेता येतो. जिल्हा आयोगाला स्वतःचा तसा आदेश मागे घेण्याचा अधिकार नाही. त्यासाठी ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करावं लागतं, म्हणजे एका चुकलेल्या तारखेपायी दुसरी लढाई. जाता येणं शक्य नसेल तर आदल्या दिवसापर्यंत अर्ज द्या किंवा व्हिडिओ सुनावणी मागा, कायद्यात तशी तरतूद आहे. प्रकरण दिवाणी न्यायालयात असेल तर ई-कोर्ट्स ॲपमध्ये १६ अक्षरी-अंकी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख आणि आदेश दिसतात. तो नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

आता एक गोष्ट जी तुमच्या प्रश्नात नव्हती, पण खरं तर आधी सांगायला हवी होती. तुम्ही स्त्री आहात. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. नोकरी आहे, पगार बरा आहे, तरीही. मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, अटकेत असलेल्या व्यक्ती यांनाही तो आहे. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांपर्यंतच्या उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि त्यासाठी साधारणपणे शपथपत्र पुरतं. या कायद्यातल्या ‘न्यायालय’ शब्दात न्यायिक स्वरूपाचं काम करणारे आयोगही येतात, त्यामुळे ‘ग्राहक तक्रारीला मिळत नाही’ असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, तालुक्याला तालुका समिती असते, आणि १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक. अर्ज एका पानाचा आहे. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे एवढं ते पाहतात. नेमलेला वकील पैसे मागू लागला तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करता येते. वकील कसा मिळेल यात नशिबाचा भाग आहे हेही खरं. काही फार मन लावून काम करतात, काहींच्या मागे लागावं लागतं. पण वर सांगितलेली तयारी तुम्ही करून दिलीत तर दोन्ही प्रकारच्या वकिलांकडून काम चांगलं होतं.

त्याच कार्यालयात दाखलपूर्व लोकअदालतीसाठी अर्ज करता येतो. म्हणजे केस दाखल न करताच समोरच्याला बोलावून तडजोडीचा प्रयत्न. झाली तर निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नाही. नाही झाली तर लोकअदालत निर्णय देऊ शकत नाही, तुम्ही पुन्हा आयोगाकडे मोकळ्या. तुमच्या मुदतीचे सहा महिने उरले आहेत, त्यामुळे यात एक तारीख घालवा, दोन नको. वीज, पाणी, विमा, दवाखाना, टपाल अशा सेवांचे वाद असतील तर स्थायी लोकअदालत हे वेगळंच आणि जास्त उपयोगाचं दार आहे, कारण तडजोड फसली तर ती स्वतः निर्णयही देते. फर्निचरवाला त्यात बसत नाही.

वकिलाशिवाय कधी जाऊ नये, हे प्रकरणावर अवलंबून आहे. आरोपी म्हणून उभं राहायचं असेल, वाटणीचा दावा असेल, तातडीचा मनाई हुकूम हवा असेल, किंवा सगळं साक्षीदारांच्या उलटतपासावर ठरणार असेल, तर तिथे स्वतः लढणं महागात पडतं. तुमचं प्रकरण तसं नाही, ते कागदावर चालणारं आहे. पूर्ण वकीलपत्र न घेता, फी घेऊन फक्त मसुदा तपासून द्यायला बरेच वकील तयार असतात. तीस हजार नको, एका बैठकीची फी द्या आणि नाव, मुदत, मागणी एवढंच तपासून घ्या.

आदेश लागल्यावर पैसे आपोआप येत नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो. प्रमाणित प्रत पक्षकारांना मोफत मिळते. समोरच्याला अपील करायचं असेल तर आदेशातली निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते, त्यामुळे ७५ हजारांसाठी वरती जाण्याआधी तो विचार करतो. मुदतीत पैसे आले नाहीत तर दोन वाटा. कलम ७१ खाली वसुलीची दरखास्त, म्हणजे खातं किंवा मालमत्ता जप्त करून, आणि कलम ७२ खाली दंडात्मक अर्ज, ज्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लोक बहुधा ७२ चा अर्ज आधी करतात, कारण जामिनासाठी उभं राहावं लागलं की माणूस पैशांची जुळवाजुळव करतो. ७१ साठी मात्र त्याचं बँक खातं माहीत हवं. ते तुमच्याकडे आहे: ज्या चेकने पैसे दिलेत, तो कुठल्या बँकेच्या कुठल्या शाखेत वटला हे तुमची बँक सांगू शकते. ती माहिती आजच लेखी मागून घ्या, जुन्या नोंदी काढून द्यायला बँका वेळ लावतात.